मावशी, तुझं कार्ड मी एकच ओळ वाचलं

मावशी, हे आत्ताच सांगतलं पायजे. आत्ताच, म्हणजे चहा प्यायच्याही आधी. उद्यावर ढकललं तर मी ते गोड करून सांगीन, माझी सवय मले माहीत आहे. म्हणून मशीनवर कागद चढवला अन् सुरू केलं. बोटं नेहमीसारखी पळून राह्यली, अक्षरं एकमेकांवर चढून राह्यली, पण आज पांढरं लावून काही खोडणार नाई. वर्ध्याच्या साप्ताहिकवाल्या भाऊले सांगून ठेवलं आहे, जसं देईन तसंच छापजो.

तू कोण, किती वयाची, कोणाची कोण, हे मी लिहीत नाई. ते तुझ्या केसपेपरवर मीच टाइप केलं होतं. वच्छलाबाई, राहणार हिंगणी, गळ्यात गाठ. बस. बाकीची तू त्या कागदात कुठंच नव्हती. बाकीची तू माझ्या दारात उभी होती.

आठवते ना? माझी खोली बायकांच्या वार्डाले लागून. मी दवाखान्यात नवीनच लागलेली, सर्जरीच्या सरांची टायपिस्ट. दिवसभर माझं खडखड खडखड. ऑपरेशनच्या आधी तुझ्या छातीची धडधड गोळ्या देऊन खाली आणायची होती, म्हणून तुले बरेच दिवस नुसतं बसवून ठेवलं होतं. तू कंटाळली अन् उठून आली. गळ्यात लिंबाएवढी गाठ, ती पदरानं झाकलेली, अन् डोळे सगळीकडं.

"पोरी, हे काय भाजून राह्यली वो? फुटाणे?"

"टाइप करून राह्यली, मावशी. तुमचाच कागद आहे."

"मावशी म्हणते अन् तुमी म्हणते? मायच्या बहिणीले कोणी तुमी म्हणते का?"

"बरं बापा. तुझाच कागद आहे."

"मायाच कागद हाय अन् पाह्यते खिडकीकडं! वाचते तरी का, का नुसते बोटं नाचवते?"

मी फुशारकीत सांगतलं, माझ्यावाली स्पीड अख्ख्या आर्वीच्या क्लासमध्ये कोणाचीच नव्हती, मी न वाचता टाइप करू शकते. तू कपाळाले हात लावला. "न वाचता! आमच्या घरी एक बैल होता, तोही असाच. मान खाली घालून निघे, अन् दुसऱ्याच्याच वावरात जाऊन उभा राहे."

सिस्टर हसली. मीही हसली. त्या दिवसापासून तू मले मशीनवाली म्हणू लागली, अन् मी जेवणाच्या सुट्टीत तुझ्या खाटेवर बसू लागली. घरून कोणी आलं की तू टेंभरं, म्हणजे जंगलातली तेंदूची फळं, मागवे माझ्यासाठी. मी कारंज्याची, आमच्याकडं हायवे अन् ट्रक, जंगल कुठलं? टेंभरं कशी खायची हेही तूच शिकवलं. बी गिळली म्हणून शिव्याही दिल्या.

आता कार्डाचं सांगते. ते वाचणाऱ्यांलेही समजलं पायजे.

आमचे सर गळ्याच्या गाठींवर अभ्यास करून राह्यले होते. गाठ काढली, टाके काढले, पेशंट घरी गेला. पुढं त्याचं काय झालं, हे कोणालेच ठाऊक नसे. सर म्हणत, "टाके निघाले की आपण स्वतःला पास करून टाकतो. खरा निकाल गावात लागतो." म्हणून प्रत्येक पेशंटले घरी जाताना एक पोस्टकार्ड द्यायचं. पत्ता मी टाइप केलेला. सहा महिन्यांनी तब्येत कशी आहे ते लिहून टाकायचं. कसं लिहायचं, हे पेशंटले समजावून सांगायचं काम माझं.

तिथंच आपलं भांडण झालं.

"मावशी, सरळ दुखणं लिहायचं. रामराम-शामराम नको. हात दुखत असन तर पहिल्याच ओळीत लिहायचं, हात दुखते."

"अवो, असं कसं लिहाव? पहिल्याच ओळीत दुखणं दिसलं त वाचणाऱ्याचं काळीज नाई फाटन का? पावना घरी आला त पाय धुवाच्या आधीच रडतो का आपण त्याच्या गळ्यात पडून? आधी पानी देतो. गूळ देतो. बसवतो. मग रडतो."

"अवो, हे डॉक्टराले लिहायचं आहे, पावन्याले नाई."

"काऊन? डॉक्टराले काळीज नसते?"

"मग कार्डावर जागा पुरन का तुझ्या गुळापाण्याले?"

"बारीक लिहू. तू बारीक वाचजो."

तेवढ्यात औषधाची ट्रॉली आली अन् ते भांडण तसंच राह्यलं. मी मनात म्हटलं, जाऊ दे, खेड्यातली बाई. हो मावशी, असंच म्हटलं. लाज वाटते, पण म्हटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर सरांनी तुले बोलायले लावलं, आवाज गेला की राह्यला ते पाहायले. तू पहिलं काय म्हटलं? "मशीन काऊन बंद हाय?" सर किती हसले! दुसऱ्या दिवशी मात्र तुझ्या ओठांले मुंग्या आल्या, बोटं आखडली. सुई दिली, गोळ्या दिल्या, उतरलं. सरांनी मले कागदावर चित्र काढून दाखवलं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या मागं तुरीच्या डाळीएवढ्या चार बारक्या गाठी असतात, त्यांले धक्का लागला की रक्तातलं कॅल्शियम उतरते. बहुतेकांचं आपोआप ठीक होते. काहींचं होत नाई, त्यांले गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. "म्हणून तर कार्ड," सर म्हणाले. तुले पण सांगतलं, गोळ्या संपल्यावर पुन्हा मुंग्या आल्या तर कार्डात लिहा, आम्ही बोलावू.

आम्ही बोलावू. हे माझ्यासमोर सांगतलं.

मग कार्डं येऊ लागली. मी ती चपलेच्या खोक्यात टाकत गेली. सरांले नागपूरच्या सर्जन लोकांच्या सभेत लेख वाचायचा होता, ते म्हणाले, कार्डांचा तक्ता बनव. नाव, गाव, तक्रार आहे, तक्रार नाई. मी बसली. पहिली पाच-सहा कार्डं पूर्ण वाचली. कोणाची म्हैस, कोणाचं लग्न, कोणाची कपाशी, अन् अक्षर असं की मुंग्यांची रांग. मग मले एक युक्ती सुचली, अन् मले वाटलं मी किती हुशार! पहिल्या ओळीत "सर्व खुशाल आहे" असलं की तक्रार नाई. "कळवण्यास वाईट वाटते" असलं की पूर्ण वाचायचं. एका दुपारी खोकं रिकामं! सर म्हणाले, "तू तर मेलगाडी आहेस." मी दिवसभर ते सगळ्यांले सांगत फिरली.

मावशी, त्यात तुझं कार्ड होतं.

अन् ते नजरेतून सुटलं असं पण नाई गं. हिंगणी वाचलं अन् मी खुर्चीतून उडाली. "सिस्टर, मावशीचं कार्ड आलं! मावशी मजेत आहे!" पहिली ओळ वाचली, इकडे सर्व खुशाल आहे. टिक मारली. म्हटलं, बाकीचं निवांत वाचीन, मावशीचं आहे, चवीनं वाचीन. निवांत. ते निवांत कधी आलंच नाई.

मागच्या आठवड्यात तुझी मंदा आली. दारात अगदी तुझ्यासारखीच उभी राह्यली, मले आधी वाटलं तूच.

"मशीनवाली बाई तुमीच का?"

"हो, मीच. मावशी नाई आली?"

"माय गेली, बाई."

मी तिले बसवलं. ती सांगत होती अन् मी ऐकत होती. सकाळी हात वाकडे होत, कोंबडीच्या पायासारखे. गावातले म्हणत मिरगी आहे, कांदा हुंगवा. मग झटके येऊ लागले. त्या दिवशी गोठ्यात झटका आला तो थांबलाच नाई. सेलूपर्यंत नेलं, पण दवाखान्याच्या दारात तू संपली होती.

"दवाखान्यात आधी काऊन नाई आणलं?" हे मी विचारलं. मी!

"म्या किती म्हटलं! माय आयकेच ना. म्हणे, कार्ड टाकलं हाय, मशीनवालीच्या हातात गेलं असन, ते पोरगी लय तेज हाय. घाबराचं काम असतं त उत्तर आलं असतं. उत्तर नाई म्हणजे घाबराचं काम नाई." मंदानं डोळे पुसले. "पर डाकवाल्याले रोज पुसे. भाऊ, मायं काही हाय का? रोज. बाई, ते कार्ड भेटलं होतं ना तुमाले?"

आता इथं थांबते एक मिनिट. नाई, थांबत नाई, थांबली तर लिहिणार नाई.

मी म्हटलं, "पाहावं लागन. टपालात गहाळ पण होतात कार्डं."

खोकं माझ्या पायापाशी होतं, मावशी. खुर्चीच्या खाली. माझा पाय त्याले लागून होता.

मंदानं मान हलवली. "म्हणजे डाकवाल्यानंच घात केला," असं हळूच म्हणाली. तेरवीले येजा म्हणून सांगतलं, अन् पदराची गाठ सोडून मूठभर टेंभरं माझ्या मशीनजवळ ठेवली. "मायनं वाळवून ठेवले होते तुमच्यासाठी." अन् गेली.

ती फाटकाच्या बाहेर गेल्यावर मी कार्ड काढलं. आता इथं पूर्ण टाइप करते, एक-एक अक्षर पाहून.

"डॉक्टरसाहेबांस नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे, आपली खुशाली कळवावी. यंदा बोर धरणाचे पाणी बरे आहे. गाय व्याली, गोऱ्हा झाला. गळ्याची गाठ परत आली नाही, आवाज चांगला आहे. परंतु ओठाला मुंग्या येतात व हात आखडून वाकडे होतात, सकाळी फार. गोळ्या संपून बरेच दिवस झाले. परत घ्याव्या की कसे, त्याचे उत्तर लवकर पाठवणे. वाट पाहत आहे. वच्छलाबाई."

पाणी, गूळ, बसणं, मग रडणं. सगळं तू सांगतलं होतं तसंच, त्याच क्रमानं. खाटेवर बसून तू मले तुझं कार्ड वाचायले शिकवलं होतं, अन् मी नापास झाली.

मी कार्ड घेऊन सरांकडं गेली. रडणार नाई असं ठरवलं होतं, दारातच रडली. सरांनी कार्ड वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मा काढून ठेवला.

मी विचारलं, "सर, ती यानंच गेली का?"

"यानंच गेल्या असं मी सांगू शकत नाही," सर म्हणाले. मग म्हणाले, "यानं नाही गेल्या, असंही सांगू शकत नाही."

मी म्हटलं, चूक माझी आहे, मले काढून टाका. ते म्हणाले, "तू कार्ड वाचलं नाहीस. मी पण वाचलं नाही. मी तुझा तक्ता वाचला. तो सुंदर होता." नागपूरले जाणाऱ्या लेखाचं पाकीट टेबलावर तयार होतं, चिकटवलेलं. त्यांनी ते फाडलं. "खोकं आण. आता वाच. मोठ्यानं वाच, पत्त्यापासून सहीपर्यंत."

मी वाचलं, ते ऐकत होते, दोन दिवस. म्हशी ऐकल्या, लग्नं ऐकली. अन् खुशालीच्या खाली, चौथ्या-पाचव्या ओळीत, आणखी काही जण सापडले. रोहण्याच्या एका बाईले सरांनी माणूस पाठवून बोलावून घेतलं. तिची बोटं आखडलेली होती. आता गोळ्या सुरू आहेत, काल तिनं आपल्या हातानं वेणी घातली. सिस्टरनं मुद्दाम मले बोलावून दाखवलं. मावशी, ती तुझ्यामुळं बरी आहे. हे मी तिले सांगतलं. तिले तू कोण ते काही समजलं नाई, पण तिनं हात जोडले.

पण तेरवीले जायचंच होतं. सर येतो म्हणाले, पण त्यांचं ऑपरेशन लागलेलं होतं, अन् खरं सांगायचं तर मलेच एकटीनं जायचं होतं.

सेलूवरून हिंगणीची गाडी धरली. पर्समध्ये कार्ड. खिडकीतून सागाची झाडं दिसू लागली तशी मी सांगायचे शब्द जुळवू लागली, एकही जुळला नाई. तुझ्या आंगणात पंगत बसून राह्यली होती. अन् एका बाजूले, भिंतीले टेकून, खाकी शर्टातला एक म्हातारा बसलेला. पत्रावळीवर बसत नव्हता. बायका आग्रह करत होत्या, पण त्यात आग्रहापेक्षा टोमणेच जास्त.

"जेवा ना, भाऊ. कार्ड हरवलं त काय झालं, माणूसच गेलं."

"म्या मायाच हातानं लिहिलं वो," म्हातारा म्हणत होता. "म्या मायाच हातानं थैलीत टाकलं. तीस वर्ष झाले, एक कागद हरवला नाई मायाकून. वच्छलाबाईचं काऊन हरवीन?"

तो तुमचा डाकवाला. तुझं कार्ड त्यानंच लिहिलं होतं, मावशी. तू रोज ज्याले पुसे, तोच. अन् माझ्या त्या एका वाक्यानं आठ दिवसांत अख्ख्या गावानं त्याले गुन्हेगार केलं होतं. मले खोकं दिसलं, माझा पाय दिसला. वाटलं, आताच सांगतलं नाई तर हा म्हातारा असाच उपाशी उठन अन् मरेपर्यंत थैली उलटीपालटी करून पाहीन.

मी पर्समधून कार्ड काढलं अन् पंगतीच्या मधोमध उभी राह्यली. "कार्ड हरवलं नव्हतं. मले भेटलं होतं. मी एकच ओळ वाचली अन् ठेवून दिलं. मंदाताईले मी खोटं बोलली."

सगळे हात पत्रावळीवर थांबले. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मंदा वाढत होती, तिच्या हातात बुंदीची परात होती. ती परात तिनं खाली ठेवली.

"वाचून दाखवा," ती म्हणाली. "आमाले त ठाऊकच नाई मायनं काय लिहिलं होतं."

मी वाचलं. खुशाली वाचली, धरण वाचलं, गाय वाचली. हात वाकडे होतात, वाचलं. वाट पाहत आहे, वाचलं. वच्छलाबाई. थांबली.

म्हातारा उठून जवळ आला. "उभी ओळ राह्यली ना, बाई."

"कोणती?"

त्यानं कार्ड आडवं फिरवलं. कडेले, डाकेच्या शिक्क्याच्या शाईखाली, एक बारीक ओळ उभी लिहिलेली होती. मी अन् सरांनी इतक्या वेळा वाचलं, पण तो आम्हाले शाईचा डाग वाटला होता. म्हाताऱ्याले वाचायची गरजच नव्हती, त्याले पाठ होतं.

"जागा पुरली नाई म्हणून कडेले लिहाले लावलं तिनं. मशीनवाल्या पोरीस आशीर्वाद. आधी पाणी दिले आहे, असे तिला सांगणे."

मावशी.

मी खालीच बसली, चुलीच्या राखेत बसली का कुठं ते पण समजलं नाई. मग मंदा घरात गेली. मी म्हटलं, आता ती बाहेर येईन अन् मले जा म्हणन, अन् मी जाईन. ती बाहेर आली तर तिच्या हातात तांब्या होता, अन् दुसऱ्या हातावर गुळाचा खडा. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं. मी पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग माझ्यासमोर बसली, अन् मग रडली. म्हातारा त्याच्यानंतर जेवायले बसला.

तिनं मले माफ केलं का? मले ठाऊक नाई. तिनं म्हटलं नाई, मी विचारलं नाई. पाणी दिलं, एवढंच खरं आहे, अन् त्याच्यावर मी जास्त काही टाइप करत नाई.

तक्त्यात तुझ्या नावासमोर आता "तक्रार आहे" असं लिहिलं आहे. सरांनी खाली आणखी एक ओळ घालायले सांगतली, उत्तर पाठवले नाही. ती मी एका बोटानं टाइप केली. नागपूरले लेख तसाच जाईन, आधीच्याइतका सुंदर नाई. तू पाठवलेली टेंभरं संपली, बिया टेबलाच्या खणात आहेत, एकही गिळली नाई. अन् तुझ्या कार्डाचं उत्तर म्हणजे हे, मावशी. उशिरा आलेलं. पत्ता कुठला घालू ते समजत नाई, म्हणून पेपरात देऊन राह्यली.

अन् वाचणाऱ्यांनो, आता तुमाले विचारते, खरंच विचारते, सांगा. तुमच्याही घरात खिळ्याले लावलेलं, डब्यात ठेवलेलं एखादं कार्ड असन ना, ज्याची पहिली ओळ वाचून तुमी म्हटलं होतं, चला, सगळं खुशाल आहे? ते तुमी पूर्ण वाचलं होतं का? कडेची उभी ओळ वाचली होती का? अन् ज्यानं लिहिलं, तो अजून वाट पाहून राह्यला आहे का?